नलाचे वारस

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त सारंगखेडा येथे श्रमिक व तरुणांपुढे केलेले भाषण)



सेतुबंधाची कथा सांगताना आपण खारीचा वाटा आवर्जून सांगतो. परंतु तो सेतू ज्याने बांधला, त्या नलाचे नाव सहसा कोणी घेत नाही. वाल्मीकींनी त्याला विश्वकर्म्याचा पुत्र म्हटले आहे. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली स्थापिलेला भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबर हा दिवस राष्ट्रीय श्रम दिन म्हणून पाळतो, तो याच परंपरेच्या स्मरणाने. नलाचे वारस या सभेत मागच्या रांगेत बसलेले दिसतात. त्यांनी पुढे यावे, ही माझी विनंती.

मी आयुष्यभर रस्त्यांच्या उद्घाटनांच्या बातम्या लिहिल्या. फीत कापणाऱ्याचे नाव प्रत्येक बातमीत होते. रोलर चालविणाऱ्याचे एकाही बातमीत नव्हते. हा दोष माझाही आहे.

एकमुखी दत्ताच्या यात्रेमुळे घोड्याचे लक्षण पारखणारे आपल्याकडे पुष्कळ. रस्ता पारखणारे थोडे! येथून उत्तरेला सातपुड्यात चढले की रस्त्याचे मोल कळते. सप्टेंबर २०२१मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून मार्ग बंद झाला. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन एक वनवासी बांधव पायी निघाला. रुग्णालय गाठण्यापूर्वीच तिने प्राण सोडला. अशा घाटात दरड हटविणारा मजूर वैद्याइतकाच प्राणदाता असतो.

आणि त्याला आपण अकुशल म्हणतो. मुरूम पसरावा, पाणी मारावे, दबाई करावी. पाणी कमी पडले तर थर बसत नाही, अधिक झाले तर चिखल होतो. डांबरमिश्रित खडी सुमारे १५० अंश सेल्सिअसला भट्टीतून निघते आणि निवण्याआधी तिच्यावर रोलर फिरावा लागतो. मध्यापासून कडेपर्यंतचा उतार चुकला, तर पहिल्याच पावसात पाणी साचून खड्डा पडतो. हे ज्ञान हातांत असते. १९७२च्या दुष्काळात आपल्या माता-भगिनींनी खडी फोडून संसार तगविले. त्यांच्या नातवंडांनी केवळ पाटी-फावड्यावरच थांबावे काय? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सर्वेक्षकाचा अभ्यासक्रम आहे. पेव्हर, ग्रेडर, उत्खनन यंत्र चालविणाऱ्यांची उणीव सर्वत्र आहे. उसाच्या फडावर उचल घेऊन जाणाऱ्या तरुणांनी या वाटेचा अवश्य विचार करावा.

मात्र गौरवाची फुले उधळून मी तुम्हांस फसविणार नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्याच मार्गाच्या कामावर १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे गर्डर बसविणारे यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुतेक आपले घरदार सोडून दूरवर आलेले होते. ज्या कामावर शिरस्त्राण मिळत नाही, तेथे ते मागणे हा उद्धटपणा नव्हे. मागणारा एकटा पडू नये, एवढी काळजी आपण संघटितपणे घ्यायची आहे.

बांधकाम कामगारांसाठीच्या कायद्यात रस्त्याचे कामही येते. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षात ९० दिवस काम झालेले असावे. मग कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. कामाचे दाखले मुकादमाकडे आजच मागा. देण्यास तो टाळाटाळ करीत असेल, तर सभा संपल्यावर मला भेटा; आपण दोघे मिळून त्याच्याकडे जाऊ.