किल्ल्या कोणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘संस्थेची वेबसाइट’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

सत्राचं नाव वाचून निम्म्याजणी चहाला उठून जातील अशी माझी खात्री होती. तुम्ही बसून राहिलात, त्याबद्दल आभार. मी काही संगणक शिकलेली बाई नाही. बावीस वर्षं सल्ला केंद्रात काम करते. पोलीस ठाणं, कोर्ट, माहेर-सासरच्या बैठका हेच माझं क्षेत्र. सर्व्हर, होस्टिंग हे शब्द मी शिकले ते हौसेनं नव्हे, एका पत्रामुळे.

२०२१ सालची गोष्ट. टाळेबंदीत केंद्रात येणाऱ्या बायका कमी झाल्या, म्हणून आम्ही वेबसाइटवर मदतीसाठी ई-मेलचा पत्ता दिला. पत्त्याचं नाव ‘मदत’. इंग्रजी अक्षरांत लिहिताना शेवटी टी. एका बाईनं तोच पत्ता कोणाकडून तरी तोंडी ऐकला आणि हिंदीतल्यासारखा ‘मदद’ लिहिला, शेवटी डी. तिनं तीन वेळा पत्र पाठवलं. दोन मुलांना घेऊन येऊ का, एवढाच प्रश्न होता. ही पत्रं आम्हाला पाच महिन्यांनी सापडली. आमच्याकडे कामाला आलेल्या एका विद्यार्थिनीनं सहज विचारलं, “ताई, या खात्याची एक मूळ पेटी आहे, ती कोण उघडतं?” कोणीच उघडत नव्हतं. अशी पेटी आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायचा अधिकार तिचा आहे. मी इतकंच सांगते की आपण वेळेवर नव्हतो.

आता हे घडलं कसं? पत्र हरवलं नव्हतं. सर्व्हरनं त्याला सांगून ठेवलं होतं तेच केलं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डिफॉल्ट ॲड्रेस’ नावाचं एक सेटिंग असतं. आपल्या नावाच्या, पण अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर पत्र आलं तर काय करायचं, ते तिथे ठरतं. मुख्य पर्याय चार. पाठवणारीला ‘पत्र पोचलं नाही’ असं कळवून परत करा. दुसऱ्या एका पत्त्यावर पाठवा. खात्याच्या मूळ पेटीत टाका. किंवा कोणालाही न कळवता फेकून द्या. आमच्याकडे तिसरा पर्याय निवडलेला होता. कोणी निवडला? आमच्यापैकी कोणीही नाही. खातं उघडलं तेव्हापासून ते तसंच होतं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. सेटिंग म्हणजे कोणीतरी घेतलेला निर्णय. आपण घेतला नाही, तर तो आपल्या वतीनं दुसऱ्या कोणी घेतलेला असतो.

ही सगळी व्यवस्था समजायला मला चाळीचा उपयोग झाला. आपल्यासारख्या लहान संस्थांची वेबसाइट बहुतेक वेळा भाड्याच्या जागेत असते. एकाच मोठ्या संगणकावर शेकडो वेबसाइटी नांदतात. तो संगणक म्हणजे चाळ, आणि आपलं खातं म्हणजे त्यातली एक खोली. खोलीतले दिवे-नळ जिथून चालू-बंद करायचे, त्या फलकाला कंट्रोल पॅनेल म्हणतात. त्यांतला सर्वांत परिचित सीपॅनेल, १९९६ सालापासूनचा. २०१९ मध्ये त्याच्या कंपनीनं दर खात्यागणिक पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बऱ्याच होस्टिंगवाल्यांनी दुसरे पॅनेल घेतले. त्यामुळे तुमच्या पडद्यावर चित्रं वेगळी दिसतील. पण नळ तेच, दिवे तेच.

चाळमालकाकडे याहून मोठा फलक असतो. सीपॅनेलच्या घराण्यात त्याला डब्ल्यूएचएम म्हणतात. त्यातल्या ‘ट्वीक सेटिंग्ज’ या भागात साऱ्या चाळीचे नियम ठरतात. नव्या खात्याचा डिफॉल्ट ॲड्रेस सुरुवातीला काय असावा, एका वेबसाइटच्या नावानं तासाला किती पत्रं जाऊ द्यायची, भाडेकरूला पासवर्ड विसरल्यावर तो स्वत: बदलता यावा की नाही, असे कितीतरी. हे आपल्या हातात नसतं, पण विचारायचा हक्क आपला आहे. भाडं आपण भरतो.

तासाच्या मर्यादेचा आम्हाला चांगलाच फटका बसला. मेळाव्याचं निमंत्रण आम्ही सहाशे बायकांना एका दमात पाठवलं. निम्म्याजणी म्हणाल्या, आम्हाला बोलावलंच नाही. रुसवेफुगवे झाले, गटबाजीचे आरोप झाले! प्रत्यक्षात मर्यादा ओलांडल्यावर काही पत्रं रांगेत थांबली होती आणि बाकीची परत फिरली होती. मर्यादा घालण्यात मालकाचं चूक नाही. एका खोलीतून कचरापत्रांचा भडिमार झाला तर साऱ्या चाळीची पत्रं बाहेरचे लोक नाकारू लागतात. आपण फक्त आकडा विचारून घ्यायचा आणि तेवढ्याच तुकड्यांनी पाठवायचं.

दुसरा किस्सा. आमचा अंक वेबसाइटवर चढेना. मग फोटो काढून टाकले. तरी चढेना. एक लेख कापला. लेखिका अजून माझ्याशी नीट बोलत नाही. नंतर कळलं की पीएचपीच्या सेटिंगमध्ये एका फाइलीची मर्यादा मुळात दोन एमबीची असते. ती वाढवता येते. मात्र तिच्यासोबत ‘पोस्ट’ची एकूण मर्यादाही वाढवावी लागते, आणि ती फाइलीच्या मर्यादेहून मोठी ठेवावी लागते. दोन आकडे बदलले, अंक सबंध चढला. एका आकड्यापायी आपण बाईचं लिखाण कापलं, याची मला अजून लाज वाटते.

पण मैत्रिणींनो, हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडे बायका काय विश्वासानं देतात? अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मारहाणीचे फोटो, वैद्यकीय दाखले. आमच्या वेबसाइटवर अर्जाला कागद जोडायची सोय होती. ते कागद सर्व्हरवरच्या एका फोल्डरात साठत होते, आणि तो फोल्डर जगाला दिसणाऱ्या भागातच होता. फोल्डरात मुखपृष्ठाची फाइल नसली आणि यादी दाखवायची मुभा चालू असली, तर पत्ता टाकणाऱ्या कोणालाही आतल्या सगळ्या फाइलींची यादी दिसते. फाइलींना नावं होती बायकांची. मी ती यादी माझ्या स्वत:च्या फोनवर पाहिली. पासवर्ड न टाकता.

लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. मथुरा प्रकरणानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली कायद्यात जे बदल झाले, त्यांत भारतीय दंड संहितेत कलम २२८ अ आलं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ज्या तरतुदीला चळवळीचा रेटा होता, ती चळवळीच्याच संस्थेच्या फोल्डरात मोडली जावी? वर्तमानपत्रानं नाव छापलं असतं तर आपण मोर्चा नेला असता.

उपाय दोन आहेत, आणि त्यांतला फरक समजून घ्या. पॅनेलमध्ये ‘इंडेक्सेस’ या ठिकाणी ‘नो इंडेक्सिंग’ निवडलं की यादी दिसणं थांबतं. पण हे म्हणजे कपाटावर पडदा लावणं. ज्याला फाइलीचा नेमका पत्ता माहीत आहे, त्याला फाइल मिळतेच. म्हणून असे कागद दर्शनी फोल्डरच्या, म्हणजे ‘पब्लिक एचटीएमएल’च्या बाहेर ठेवायचे. आणि सर्वांत चांगलं म्हणजे लागत नाहीत ते कागद मागायचेच नाहीत. आम्ही जोडणीची सोय काढून टाकली. आता अर्जात तीनच गोष्टी विचारतो : हाक कोणत्या नावानं मारू, फोन कधी केला तर चालेल, आणि फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू.

तसंच स्वयंचलित उत्तराचं. पत्र मिळाल्याबरोबर ‘तुमची तक्रार आमच्या केंद्राला मिळाली आहे’ असं उत्तर आपोआप जायचं. आम्हाला ते फार सभ्यपणाचं वाटे. मग एकीनं सांगितलं की फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो आणि ते वाक्य पडद्यावर आपोआप झळकतं. ते सेटिंग आम्ही त्याच दिवशी बंद केलं. हे कोणत्या तंत्रज्ञाला सुचलं असतं? त्याला दोष नाही. त्यानं असं घर आतून पाहिलेलं नाही, आपण रोज पाहतो. म्हणून हे निर्णय आपण घ्यायचे. बटन हवं तर त्याला दाबू दे.

सर्व्हर प्रत्येक पाहुण्याची नोंदही ठेवतो. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणतं पान उघडलं. पॅनेलमध्ये ‘रॉ ॲक्सेस’ इथे या नोंदी साठवून ठेवायच्या का, आणि मागच्या महिन्याच्या काढून टाकायच्या का, असे दोन चौकोन असतात. बिघाड शोधायला नोंदी लागतात, हे खरं. पण किती दिवस, आणि त्या कोण पाहणार, हे बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.

वेबसाइटच्या पत्त्याआधी काही ब्राउझरांत कुलपाचं चिन्ह येतं, ते प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावं लागे. डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ते सर्वांना फुकट देते, आणि पुष्कळ पॅनेल ते आपणहून बसवतात, नूतनीकरणही करतात. तरी साधा जुना पत्ता टाकणारीला कुलपाच्या पत्त्यावर वळवायचं बटन वेगळं असतं. ते चालू आहे का पाहा. त्यामुळे वाटेत कोणाला पानावरचा मजकूर वाचता येत नाही. मात्र ती कोणत्या वेबसाइटवर गेली होती, ते तिच्या फोनच्या इतिहासात राहतंच. हे बायकांना स्पष्ट सांगा. अर्धी सुरक्षितता पूर्ण म्हणून सांगणं धोक्याचं.

आता किल्ल्यांबद्दल. आमची वेबसाइट २०१४ साली एका कार्यकर्तीच्या भाच्यानं केली. मुलगा चांगला, पैसे घेतले नाहीत. नावाची नोंदणी त्याच्या नावावर, होस्टिंगचं खातं त्याच्या ई-मेलवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. मग तो परदेशी गेला. नूतनीकरणाची आठवणपत्रं त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर येत राहिली. नाव सुटलं आणि कोणीतरी ते घेतलं. कित्येक दिवस आमच्या संस्थेच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसत होती. नवं नाव घेऊन आम्हाला पुन्हा सुरुवात करावी लागली. त्या मुलावर मी रागावत नाही. सात-बाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून आपण गावोगाव सांगत फिरतो, आणि आपल्या संस्थेचं नाव कोणाच्या नावावर आहे ते आपण तपासलं नव्हतं.

म्हणून उद्या ऑफिसात गेल्यावर एवढं करा. नावाची नोंदणी आणि होस्टिंग ही दोन वेगळी खाती असतात. दोन्ही संस्थेच्या नावावर आहेत का, मुदत कधी संपते, आठवण कोणाला येते, ते पाहा. मुख्य पासवर्ड दोघींकडे असावा आणि पाकिटात बंद करून संस्थेच्या कपाटात असावा. बाहेरच्या माणसाला काम द्यायचं तर मुख्य किल्ली देऊ नका. एकाच फोल्डरापुरतं वेगळं एफटीपी खातं काढून देता येतं, काम झालं की ते बंद करता येतं. दोन पायऱ्यांची ओळख-तपासणी चालू करा, पण सहा आकड्यांचा तो कोड कोणाच्या फोनवर येतो, तेही लिहून ठेवा. कार्यकर्ती संस्था सोडून गेली, भांडून गेली किंवा प्रेमानं गेली, तरी त्याच दिवशी पासवर्ड बदला. यात अविश्वास नाही.

महिन्यातून एकदा सबंध खात्याची प्रत उतरवून घ्या. एक लक्षात ठेवा, सीपॅनेलमध्ये पूर्ण प्रत आपली आपल्याला परत बसवता येत नाही, ते चाळमालकाच्या फलकावरूनच होतं. फाइली आणि डेटाबेस वेगवेगळे उतरवले तर मात्र आपण बसवू शकतो. आणि त्या प्रतीत बायकांची पत्रं असतात, म्हणून ती पेन ड्राइव्हवर घालून पर्समध्ये फिरवू नका.

शेवटी त्या पत्राकडे परत येते. आम्ही काय केलं? ‘मदद’ हाही पत्ता काढला आणि तो ‘मदत’कडे वळवला. आणखी चार चुका बायका करू शकतील असं वाटलं, तेही पत्ते वळवले. उरलेल्या सगळ्यांसाठी ‘कळवून परत करा’ हा पर्याय ठेवला, म्हणजे आपलं पत्र पोचलं नाही हे पाठवणारीला निदान कळेल आणि ती फोन करील. मूळ पेटी दर सोमवारी उघडायची पाळी लावली आहे. पाळीचा कागद भिंतीवर आहे, चहाच्या पाळीशेजारी.

मी बोलायची थांबते. कोणाकडे संस्थेचा लॅपटॉप असेल तर उघडा. पासवर्ड कोणाकडे आहे, इथूनच सुरुवात करू.