फुप्फुसाचा आकडा आणि माणसाचे चालणे



जुनाट फुप्फुसविकाराचा रोगी डॉक्टरांकडे गेला म्हणजे त्याला एका नळीत जोराने फुंकावयास सांगतात. या यंत्राचा पूर्वज लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली जगापुढे मांडला. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, यावरून श्वासनलिका किती आवळल्या आहेत हे कळते. रोगनिदानाला तो आकडा हवाच. परंतु हा गृहस्थ घरचा जिना चढू शकतो काय, मंडईतून पिशवी आणू शकतो काय, हे तो आकडा सांगत नाही. सारखाच आकडा असलेल्या दोघांपैकी एक शेतावर जातो, तर दुसरा कपडे बदलतानाही धापा टाकतो.

असे का व्हावे? धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात. दुबळे स्नायू थोड्याच श्रमाने थकतात आणि धाप अधिकच वाढते. हे चक्र सुरू होते फुप्फुसात, पण फिरते पायांतून!

म्हणून रोग्याला चालवून पाहण्याची कल्पना निघाली. १९६८ साली केनेथ कूपर यांनी अमेरिकन हवाईदलातील जवानांवर घेतलेली बारा मिनिटांच्या धावेची कसोटी प्रसिद्ध केली. १९७६ साली मॅकगॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरून ब्राँकायटिसच्या रोग्यांसाठी बारा मिनिटे चालण्याची कसोटी बेतली. थकलेल्या जिवाला तीही लांबच. सहा मिनिटेही पुरतात, हे बटलँड प्रभृतींनी १९८२ साली दाखविले. तीस मीटरांचा सपाट मार्ग आणि घड्याळ, एवढीच मुख्य सामग्री. धावावयाचे नाही, दम लागल्यास थांबावे, मात्र घड्याळ थांबत नाही. नाडी, रक्तातील प्राणवायू आणि धाप यांची आधी व नंतर नोंद होते. पुढच्या खेपेस सुमारे ३० मीटरांचा फरक पडला, तर तो दखल घेण्याजोगा मानतात.

पण चालणे म्हणजेच सारे जगणे नव्हे. झोप, घरकाम, चारचौघांत खोकताना वाटणारा संकोच, मनातील भीती यांचे काय? त्यासाठी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील पॉल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे गुण शून्य ते शंभर. जितके गुण अधिक, तितके हाल अधिक. येथे पहिला नंबर कोणालाही नको!

आता खरी मौज पाहा. देखरेखीखाली काही आठवडे व्यायाम घेतला, तर फुंकण्याचा आकडा बहुधा आहे तेथेच राहतो. परंतु चालण्याचे अंतर वाढते आणि हालांचे गुण उतरतात. केवळ यंत्राकडे पाहणारा म्हणेल, श्रम फुकट गेले. रोग्याला मात्र देवळापर्यंतची वाट पुन्हा मोकळी झालेली असते.

तेव्हा माझे मागणे एवढेच. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली, कधी विडीला न शिवलेली आजीदेखील या रोगाची धनी असू शकते. ती हळूहळू ओसरीवर, मग खोलीत, मग खाटेवर येते आणि आपण म्हणतो, "वय झाले." तसे म्हणण्यापूर्वी विचारा : गेल्या वर्षी काय जमत होते, जे आज जमत नाही? ते उत्तर घेऊन तिला डॉक्टरांकडे न्या. चालण्याची परीक्षा घरी घेऊ नका; प्रश्न मात्र घरीच विचारा.