पाच पायऱ्या आणि दोन पार्किंग
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘आपली इमारत’ या विषयावर बोलायला सांगितलंय. पण मुलुंडच्या या इमारतीकडे येण्याआधी तुम्हाला थोडा वेळ वरळीला नेतो. माझं लहानपण तिथल्या बीडीडी चाळीत गेलं.

‘बीडीडी’ म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० साली सरकारने हे खातं काढलं आणि वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. काँक्रीटच्या, तीन मजली, एकेका चाळीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. बांधल्या गिरणी कामगारांसाठी, पण भाडं त्यांना परवडेना, त्यामुळे सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तुरुंग केला! पुढे त्याच भिंतींच्या आत संसार थाटले गेले.

आमच्या चाळीत एका खोलीत कामगारांची खाणावळ होती, एकीत शिंपीकाम. तळमजल्यावर व्यायामशाळा आणि मंडळाची कचेरी. दुपारी त्याच कचेरीत बालवाडी भरायची. नकाशात यातलं काहीच नव्हतं. माणसांना गरज पडली तशी खोली बदलत गेली.

चाळीचं कौतुक मात्र मी फार करणार नाही. सकाळी सार्वजनिक संडासाची रांग ज्याने लावली आहे, तो करणारही नाही. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा टीव्हीसमोर माझे डोळे भरून आले.

आता आपल्याकडे बघू या. पंचवीस वर्षांच्या इमारतीत आपल्याकडे पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली आहे. मी आयुष्यभर आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले, म्हणून मला हक्काने विचारतात, “काका, किती वाढीव मिळेल?” मी उलट विचारतो, आहे त्या इमारतीत काय काय करता येईल, ते आपण पाहिलंय का?

लिफ्टच्या लॉबीपासून खाली पार्किंगपर्यंत पाच पायऱ्या आहेत. लिफ्ट असूनही माझी आई शेवटची दोन वर्षं त्या पाच पायऱ्यांमुळे घरातच राहिली. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीला चार माणसं लागायची. पायरी सहा इंचांची, म्हणजे उंची ३० इंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी या हिशेबाने ३० फुटांचा उतार लागतो. मध्ये वळण घेतलं की तो दोन गाड्यांच्या जागेत बसतो.

ऑफिसच्या शेजारची खोली भंगाराने भरली आहे. तिथे सकाळी डॉक्टर बसू शकतात, दुपारी पाळणाघर, रात्री मुलांची अभ्यासिका. भाडं माफक ठेवलं तरी देखभालीला हातभार लागेल. अर्थात वापर बदलायचा म्हणजे सभेचा ठराव, महापालिकेची परवानगी हे सगळं आलंच.

आणखी एक बोलायचं आहे, जरा अवघड आहे. सहा वर्षांपूर्वी एक नर्स मुलगी भाड्याने फ्लॅट बघायला आली होती. एकटी, रात्रपाळीची. आपण ‘फक्त फॅमिली’ म्हणून तिला नकार दिला. फ्लॅट पुढे वर्षभर बंद राहिला. त्या सभेत मीही हात वर केला होता. माझ्या आईला रात्री ऑक्सिजन लावायची वेळ आली, तेव्हा त्या मुलीची आठवण झाली. वाण्याकडे काम करणारा मुलगा, एकटी राहणारी बाई, वेगळ्या धर्माचं कुटुंब, यांना दार बंद ठेवून आपण कोणाची सोय बघतो? बिनभोगवटा शुल्काला २००१ सालीच सरकारने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. दाराला मात्र आपली मर्यादा आपणच घातली.

उताराचा नकाशा मी काढून नोटीस बोर्डावर लावला आहे. त्यातली एक पार्किंगची जागा माझी आहे. गाडी मी दिवाळीतच विकली, तेव्हा ती मी आजपासून सोडतो. दुसरी कोणाची, ते पुढच्या सभेत ठरवू. आता सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत आणि मुलांचा नाच बाकी आहे.