केबल घेण्याआधी पोर्ट बघा

गटासाठी प्रोजेक्टर किंवा जुना कॉम्प्युटर घेतला, की दुकानदार विचारतो, "केबल कोणती देऊ?" उत्तर आपल्याकडे हवं. त्यासाठी दोन्ही यंत्रांचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, नीट बघायची.

बहुधा निळा, दोन्ही बाजूंना स्क्रू, तीन ओळींत १५ भोकं, तो व्हीजीए. १९८७ पासूनचा. त्यातून फक्त चित्र जातं. आवाजाची सोय वेगळी करावी लागते. चपटा, खालचे दोन्ही कोपरे तिरके, तो एचडीएमआय. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून. तसाच दिसणारा, पण एकच कोपरा कापलेला, तो डिस्प्लेपोर्ट. रुंद, बहुधा पांढरा डीव्हीआय जुन्या मॉनिटरला असतो.

लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल, तर साधी केबल चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. तो उलट्या दिशेने चालत नाही. म्हणून "एचडीएमआयमधून व्हीजीएत जाणारा" असं सांगूनच मागायचा.

आम्ही दोन्ही पोर्टांचे फोटो मोबाइलवर काढतो, अंतर टेपने मोजतो, मगच दुकानात जातो. पैसा बायकांच्या बचतीचा आहे. तो चुकीच्या केबलवर जायला नको.