गर्दींत तापणारी मोटार

पुण्याहून मुंबईस निघालेल्या एका गृहस्थांची मोटार द्रुतगती मार्गावर सुरळीत धावली. उष्णतामान दाखविणारा कांटा मध्यावरून तसूभरही हालला नाहीं. चेंबूरच्या पुढें मात्र वाहनांची रांग लागली, गाडी चार पावलें चालून थांबूं लागली आणि थोड्याच वेळांत कांटा तांबड्या रेषेकडे सरकला. हा प्रकार तिसऱ्यांदा घडत होता. एका कारागिरानें थर्मोस्टॅट बदलला होता, दुसऱ्यानें पाण्याचा पंप. खर्च झाला, गुण आला नाहीं. शेवटीं शेजारीं बसलेल्या पत्नी म्हणाल्या, “अहो, पूर्वीं गाडी उभी राहिली कीं पंख्याची घरघर ऐकूं यायची. हल्लीं ती येत नाहीं.” रोगाचें निदान त्या एका वाक्यांत होतें.

तें कसें, हें समजण्यासाठीं एंजिनाची प्रकृति जाणली पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडा भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेल्यापैकीं कांहीं धुरावाटे निघून जाते आणि बराच मोठा भाग एंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला शोषून घ्यावा लागतो. हें तापलेलें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतें व तेथें आपली उष्णता हवेच्या स्वाधीन करतें. गाडी वेगांत असतांना समोरून वारा आपोआप येतो. ती थांबली कीं वारा थांबतो; एंजिन मात्र तापतच राहतें. अशा वेळीं वाऱ्याचें काम पंख्यानें करावयाचें असतें.

ही अडचण मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांच्या पहिल्या गाडींत पाणी वाफ होऊन उडून जाई. ऑगस्ट १८८८ मध्यें त्यांच्या पत्नी बेर्था ती गाडी घेऊन मानहाइमहून दूरच्या प्रवासास निघाल्या, तेव्हां त्यांना वाटेंत वरचेवर पाणी भरावें लागलें. पुढें १९०० सालीं विल्हेल्म मायबाख यांनीं मर्सिडीज गाडीसाठीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, आठ हजारांहून अधिक नळ्यांचा रेडिएटर बनविला आणि मंद गतींत उपयोगी पडावा म्हणून त्यामागें एक लहानसा पंखा बसविला. आज तो पंखा बहुतेक गाड्यांत विजेवर चालतो. त्याचें प्रयोजन मात्र तेंच आहे.

म्हणून एंजिन तापूं लागल्यास “काय बिघडलें?” असें विचारण्यापूर्वीं “केव्हां तापतें?” असें विचारावें. भरवेगांत किंवा चढावावर तापत असेल, तर रेडिएटर आंतून तुंबला असेल, पंप दुबळा झाला असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल. केवळ थांबल्यावर तापत असेल आणि वेग घेतांच निवत असेल, तर संशय प्रथम पंख्यावर घ्यावा. वातानुकूलन चालू असतांना उभ्या गाडींत गार हवा येत नसेल आणि धावत्या गाडींत येत असेल, तर हा संशय अधिकच दृढ होतो.

परीक्षा सोपी आहे. गाडी थंड असतांना कूलंटची पातळी पाहावी. नंतर एंजिन सुरू करून वातानुकूलन चालू करावें. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरूं लागतो. येथें फिरला, पण एंजिन तापल्यावर फिरला नाहीं, तर उष्णता ओळखणारा सेन्सर किंवा त्याची तार तपासावी. मुळींच फिरला नाहीं, तर फ्यूज, रिले, तारांची जोडणी आणि शेवटीं मोटर, या क्रमानें पाहावें. स्वस्त वस्तु आधीं व महाग वस्तु मागाहून, हा क्रम खिशाच्याही हिताचा असतो. पंखा मात्र एंजिन बंद असतांनाही अकस्मात् फिरूं शकतो. हात, पदर व ओढणी त्यापासून दूर ठेवावीं.

पंखा निर्दोष असेल, तर रेडिएटरच्या पुढील पातळ पत्र्यांत धूळ, पानें व किडे अडकले आहेत काय, तें पाहावें. ते एंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या बाजूस हलक्या धारेनें धुवावे. जोराच्या फवाऱ्यानें पत्रे वाकतात. रेडिएटरचें झाकणही तपासावें. कुकरप्रमाणें तें आंतील दाब राखतें, म्हणूनच १०० अंश ओलांडूनही पाणी उकळत नाहीं. रबर झिजलें कीं दाब जातो आणि पाणी लवकर उकळतें. गळती दिसत नसतांही कूलंट घटत असेल, किंवा तेल दुधाळ झालें असेल, तर सिलिंडरच्या माथ्याखालचें गॅस्केट फुटल्याची शंका घेऊन गाडी त्वरित कारागिराकडे द्यावी.

भर रस्त्यांत कांटा चढूं लागला, तर वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडाव्या आणि हीटर पूर्ण चालू करावा. उकाडा सोसावा लागेल, पण तेवढी उष्णता एंजिनांतून बाहेर पडेल. कांटा तांबड्यांत गेला, तर गाडी कडेला घेऊन एंजिन बंद करावें. तशीच दामटल्यास ॲल्युमिनियमचा माथा वांकडा होतो आणि किरकोळ दुरुस्तीच्या जागीं अख्ख्या एंजिनाचा खर्च अंगावर येतो. याहून मोठा धोका तापलेलें झाकण उघडण्यांत आहे. दाब सुटतांच उकळतें पाणी उसळून तोंड व हात भाजून निघतात. एंजिन पुरतें थंड होईपर्यंत झाकणास हात लावूं नये; तापल्या एंजिनांत गार पाणीही ओतूं नये.

त्या गृहस्थांच्या गाडींत पंख्याच्या तारांची जोडणी गंजलेली निघाली. ती स्वच्छ करून घट्ट बसवितांच पंखा फिरूं लागला आणि पुढील गर्दींत कांटा मध्यावरच स्थिर राहिला. दोन कारागिरांनीं यंत्राचे भाग बदलले. पण गाडी केव्हां तापते, हें त्यांनीं विचारलेंच नव्हतें. घरांतील आजारी माणसाप्रमाणें गाडीचेंही आहे: औषधापूर्वीं लक्षण नीट ऐकून घेणारा वैद्य तिला हवा असतो, आणि तें लक्षण पुष्कळदां शेजारीं बसलेल्या माणसासच ठाऊक असतें.