लाडूचा डबा सव्वा महिन्यापुरताच का?



घरात बाळंतपण जवळ आले की आपल्याकडे आळीव, डिंक, खारीक, खोबरे यांची जमवाजमव सुरू होते. ‘पूरक आहार’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीच आपल्या आजी-पणज्यांनी त्यामागील तत्त्व ओळखले होते. शरीराची झीज झाली की रोजच्या भाकरी-भाजीला जोड हवी, हे ते तत्त्व होय. मात्र ही जोड घरातील स्त्रीला सव्वा महिनाच मिळते. तत्पूर्वी आणि त्यानंतर काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. ही उणीव बाळंतपणात अकस्मात निर्माण होत नाही. तिची सुरुवात बहुधा वयात येणाऱ्या मुलीच्या ताटापासून होते.

या ताटात काय वाढता येईल? कोकणात, कोल्हापूरच्या डोंगराळ भागात आणि नाशिक, नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यात पिकणारी नाचणी प्रथम घ्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅमपर्यंत भरते. नाचणीचे सत्त्व करताना आपण ती भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवून भाजतो आणि दळतो. हा केवळ रिवाज नव्हे. धान्यातील फायटेट हा घटक लोह व कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतो. मोड आल्याने तो कमी होतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला स्तनपानाच्या जोडीने सत्त्वाची खीर देता येते.

आळीव, शेवग्याचा पाला व हिरव्या पालेभाज्या यांतून लोह मिळते. परंतु वनस्पतीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. सोबत आवळा, लिंबू किंवा पेरू असल्यास त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व शोषणास साहाय्य करते. याउलट, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा त्यात खोडा घालतो. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि चहा तासभर लांबवावा. यासाठी खर्च जवळजवळ काहीच नाही.

येथे एक मर्यादाही स्पष्ट करावयास हवी. पूरक म्हणजे पर्याय नव्हे. रक्तक्षय जडल्यावर लाडूने भागत नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेतल्याच पाहिजेत. मधुमेही व्यक्तीने गुळाचा लाडू ‘नैसर्गिक’ म्हणून मनसोक्त खाऊ नये. गरोदरपणी आळीव देण्याचे आपल्या घरांत परंपरेने टाळले जाते; त्या काळात डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ते खाऊ नयेत.

शेवटी एकच विनंती. बाळंतिणीचा मान अवश्य राखा. पण शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वाटीतही नाचणीची आंबील आणि आवळ्याची फोड पडू द्या. सर्वांना वाढून मागाहून जेवणाऱ्या गृहिणीसाठीही भाजी आठवणीने राखून ठेवा. उद्याच्या निरोगी मातेची तयारी आजच्या पंगतीत होत असते.