पद सुरू होण्यापूर्वी

(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘तरुण संगीतनट आणि त्याचा चरितार्थ’ असा जाहीर झालेला आहे, आणि त्या मथळ्यावरून गळा कसा कमवावा, तालीम कोणाकडे घ्यावी, कोणती पदे आधी बसवावीत, याची काही टाचणे मी बरोबर आणली असतील, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी आणले आहे ते एकच मत, आणि ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते मान्य होणार नाही त्यांना वादाची सिद्धता करण्यास पुरेसा अवधी मिळेल. (हशा) माझे मत असे, की संगीत नाटकात उतरू पाहणाऱ्या मुलामुलींचे भवितव्य त्यांच्या गाण्यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्यांच्या गद्यावर अवलंबून असते. पद सुरू होण्यापूर्वीचे जे शेवटचे वाक्य, ते ज्याला बोलता येते तो संगीतनट; ज्याला येत नाही तो नाटकाचा पोशाख चढविलेला गवई.

या रंगभूमीचा इतिहास मी सांगत बसणार नाही. भाव्यांचे १८४३ मधील ‘सीतास्वयंवर’, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आणलेले ‘शाकुंतल’, पाठोपाठचे ‘सौभद्र’, भाऊराव कोल्हटकरांचा गळा, १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांवर कोसळलेले दुःख आणि तरीही त्यांनी पार पाडलेला तो प्रयोग, हे सर्व आपणांस मुखोद्गत आहे. त्या इतिहासातील एकाच गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. ती म्हणजे नाटक मंडळी नावाची संस्था होतकरू मुलाला काय देत असे.

मंडळी त्याला बिऱ्हाड देई, पंगतीत पान देई, अंगावर कपडा देई. परंतु या सर्वांहून मोलाची गोष्ट देई ती तालीम. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीम-मास्तर वाक्यावाक्यावर नटाला थांबवीत असे. भास्करबुवा बखल्यांसारखा गवई ‘स्वयंवरा’च्या पदांना चाली देई आणि त्या शिकवीही. गंधर्व मंडळीत अहमदजान थिरकवांसारखा तबलजी साथीला बसे, आणि कोपऱ्यातील बारीकसा ‘पार्टी’ मुलगा हे सारे रोज कानांनी आणि डोळ्यांनी शोषून घेई. केशवराव भोसले लहानपणीच मंडळीत गेले आणि १९०८ साली हुबळीस त्यांनी ललितकलादर्श काढली. मास्टर दीनानाथ किर्लोस्कर मंडळीत घडले आणि १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळीचे एक मालक झाले. दोघांनीही त्या वेळी विशी ओलांडलेली नव्हती. आजच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःची मंडळी काढतो म्हटले, तर घरात कोणता प्रसंग ओढवेल याची कल्पना सभागृहातील पालकांनी करावी. (हशा)

आता अशा दोन मंडळ्यांचा जमाखर्च जरा बारकाईने पाहा. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा तिचे मालक तिघे होते: नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस. एक गाणारा, एक चाली बांधणारा, आणि तिसरा? तिसरा गद्याचा नट. ज्यांच्या नावावर तिकिटे खपत ते बालगंधर्व, हे खरेच. परंतु त्याच मंडळीच्या ‘एकच प्याल्या’त बोडसांचा सुधाकर समोर उभा नसता, तर सिंधूच्या पदांना करुणा आली असती कोठून? बळवंत मंडळीतही हाच न्याय दिसतो. दीनानाथांच्या तेजस्वी गळ्याशेजारी चिंतामणराव कोल्हटकर मालक म्हणून उभे आहेत, आणि त्यांची कीर्ती संवादाची आहे. जुन्या मंडळ्यांना गायनाचे वेड होते असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यांनी मालकीचा तहनामा केला तो गाणाऱ्या आणि बोलणाऱ्या अशा दोघांना बरोबरीने घेऊन.

पुढे बोलपट आला. मंडळ्या कर्जात बुडाल्या, बिऱ्हाडे मोडली. कारणमीमांसा आपणांस परिचित आहे, म्हणून तिच्यात शिरत नाही. परंतु त्या आपत्तीतून निघणारा एक धडा तरुणांनी विसरता कामा नये. पडद्यावर गाणे अधिक स्वस्तात मिळू लागले, ध्वनिमुद्रिकेवर ते घरबसल्या ऐकता येऊ लागले, आणि आज तर खिशातील यंत्रातून वाटेल त्या गायकाचे वाटेल ते नाट्यपद वाटेल त्या क्षणी ऐकू येते. मग प्रेक्षकाने पैसे मोजून, वाहनांच्या गर्दीतून वाट काढून, नाट्यगृहात यावे कशासाठी? केवळ गाण्यासाठी तो येणार नाही. जी वस्तू त्याला अन्यत्र कोठेही मिळत नाही ती एकच आहे: एक जिवंत माणूस बोलता बोलता, डोळ्यांदेखत, गाऊ लागतो. तो जो सांधा, तोच या कलेचा सगळा व्यापार आहे, आणि ज्याला संगीत नाटकावर पोट भरायचे आहे त्याने त्या सांध्याचा धंदा शिकला पाहिजे.

प्रत्यक्ष प्रयोगात काय होते ते पाहा. सुभद्रा आपले दुःख बोलत आहे. तिच्या आधी अर्जुन गाऊन गेला, त्याची पट्टी निराळी होती; म्हणून ऑर्गन वाजविणारा तिच्या भाषणाखालीच तिचा षड्ज हलकेच धरून ठेवतो आणि तबलजीचा हात डग्ग्यावर येऊन थांबतो. या क्षणी नटीपुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग असा, की वाक्य संपवावे, चेहऱ्यावरील भाव उतरवून ठेवावा, दोन पावले पुढे येऊन ध्वनिक्षेपकाचा अदमास घ्यावा, आणि मग गावे. या दोन-चार क्षणांत सुभद्रा अंतर्धान पावते आणि तिच्या जागी तिचेच लुगडे नेसलेली एक गायिका अवतरते. दुसरा मार्ग कठीण आहे. वाक्याचा शेवट चढता ठेवायचा, शेवटची अक्षरे त्या षड्जाच्या आसपास आणून ठेवायची, श्वास तेथे सोडायचा नाही, आणि भाषणाला जे पेलवत नाही ते उचलण्यासाठीच जणू पदाचा पहिला शब्द बाहेर पडू द्यायचा. हे जमले म्हणजे गाणे सुरू झाले हे प्रेक्षकाला दोन मात्रांनंतर कळते. आणि याहूनही अवघड असा परतीचा प्रवास आहे. टाळ्या पडल्या, वन्समोअर आला, समोरचा नट मघापासून हातातील धनुष्य सावरीत उभा आहे. त्याच्याकडे वळून पुढचे वाक्य असे बोलायचे, की मध्ये गाणे झाले हे पात्राला ठाऊकच नाही. ही विद्या गायनाच्या वर्गात शिकवीत नाहीत आणि अभिनयाच्या शिबिरातही शिकवीत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटते ती दुसऱ्याच्या खात्यातील आहे.

पुढच्या रांगेत काही मंडळींची कुजबुज चाललेली मला दिसते, आणि तिचा आशय मी ओळखू शकतो. मी गायनाचा द्वेष्टा आहे, असा माझ्यावर आरोप येणार. तो मी साफ नाकारतो. बेसुर गद्यनटाला संगीत नाटकात घ्या, असे मी कोठेही म्हटलेले नाही. सकाळचा रियाझ, षड्जाची साधना, रागांची रीतसर तालीम, यांत कणभर सवलत द्यायला मी तयार नाही. ज्याचा सूर कच्चा त्याला या दाराशी उभेच करू नये. माझा वाद आहे तो सूर पक्का असलेल्यांशीच, कारण गद्याकडे दुर्लक्ष करण्याची चैन त्यांनाच परवडते असे त्यांना वाटते. (टाळ्या)

या ठिकाणी मला वसंतराव देशपांड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. थोडेच सांगणार होतो; पण विषय निघाला म्हणजे थोडक्यात उरकण्यासारखा तो माणूस नव्हे. त्यांचा जन्म १९२० चा. भालजी पेंढारकरांच्या १९३५ मधील ‘कालिया मर्दन’ या बोलपटात श्रीकृष्णाचे काम केलेला हा मुलगा. आजच्या समजुतीप्रमाणे एवढ्यावरून त्याची कारकीर्द सुरू झाली असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात या मुलाने पुढील आयुष्याचा मोठा काळ पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी केली. दिवसा आकडे आणि रात्री सूर. कचेरीचा शिरस्ता सांभाळून त्यांनी निरनिराळ्या गुरूंकडून आणि निरनिराळ्या घराण्यांतून वेचलेले गाणे स्वतःच्या गळ्याचे करून घेतले. पुढे ती नोकरी सोडून ते गाण्याला पूर्ण वेळ देऊ लागले, आणि १९६७ च्या डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन वसंतराव. वय सत्तेचाळीस!

आता सांगा, त्या खाँसाहेबांची आठवण निघाली म्हणजे लोक केवळ पदांची आठवण काढतात काय? मुळीच नाही. त्यांचे बोलणे आठवतात. उर्दूच्या वळणाची ती मराठी, तो दर्प, शागिर्दीसाठी आलेल्या मुलाला झिडकारताना आवाजाला येणारी धार, आणि एकांतात तोच आवाज उतरून स्वतःशी पुटपुटू लागतो तेव्हाची त्यातील पोकळी. अभिषेकींच्या चाली असामान्य, यात वाद नाही; परंतु खाँसाहेब गाऊ लागत तेव्हा तो त्यांच्या बोलण्याचाच पुढला भाग असे, म्हणून तो गर्व आणि ती वेदना गाण्यात आयती उतरलेली मिळे. तीच पदे आज शेकडो स्पर्धांतून तरुण गायक तयारीने गातात, ताना बिनचूक घेतात, आणि तरी काहीतरी राहून जाते. जे राहते ते गाण्यातले नसून गाण्याआधीचे असते. त्याच नाटकातील फैयाझ यांची झरीना घ्या, प्रसाद सावकारांचा सदाशिव घ्या...

अध्यक्षमहाराजांची चिठ्ठी आलेली आहे. (हशा) दहा मिनिटे उरली असे तीत म्हटले आहे, आणि ज्या चरितार्थासाठी आपण मला बोलाविले त्याविषयी मी अजून एक शब्दही काढलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. सबब पुढील भाग त्वरेने सांगतो.

पहिली गोष्ट, या रंगभूमीवर आज महिन्याचा पगार नाही. प्रयोग होईल त्या दिवशी नाइट मिळते आणि पाऊस, परीक्षा, निवडणुका यांत प्रयोग आटले म्हणजे तीही मिळत नाही. म्हणून पहिली काही वर्षे दुसरे मिळकतीचे साधन हवेच, आणि त्याची लाज बाळगू नये. वसंतरावांच्या कचेरीचा दाखला मी एवढ्यासाठीच दिला. शिकवण्या करा, ध्वनिमुद्रणाला आवाज द्या, मालिकेत लहान काम घ्या. मात्र तालमीची वेळ कोणालाही विकू नका.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. त्या काळात गळ्यावर जबरदस्ती करू नये. मंडळ्यांच्या काळात आवाज गेलेला मुलगा गद्य भूमिकांत तग धरी आणि अभिनयात पक्का होऊनच पुन्हा गाण्याकडे येई. तो काळ वाया गेला असे समजणाऱ्या पालकांनी त्या महिन्यांत मुलाला देवलांचे ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ मोठ्याने वाचायला बसवावे.

तिसरी, लहान भूमिका सोडू नये. सूत्रधार-नटीच्या प्रवेशात, दासीच्या चार वाक्यांत, रोज विंगेत उभे राहून मुख्य नटाची पदे कशी उभी राहतात ते पाहण्यात जे शिक्षण आहे ते वेगळे शुल्क भरून मिळत नाही. पेटीवर स्वतःपुरती साथ करता आली पाहिजे. आजारी नटाच्या जागी ऐन वेळी उभे राहण्याइतकी अख्खी संहिता पाठ पाहिजे.

चौथी, कोठे शिकावे. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्र आहे, १८९४ पासून चालत आलेले भरत नाट्य संशोधन मंदिर आहे, रत्नागिरीस खल्वायन आहे. आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी गोव्यात एखाद्या देवळाच्या उत्सवातील संगीत नाटक अवश्य पाहावे, कारण गावचा दुकानदार आणि गावचा मास्तर तेथे आजही ‘सौभद्र’ ज्या सहजतेने बोलतात, ती शहरातील अनेक पदवीधरांना साधत नाही.

आणि ही कला आता संपली, असे म्हणणाऱ्यांना मी ‘संगीत देवबाभळी’कडे बोट दाखवितो. प्राजक्त देशमुखांचे ते नाटक. रंगमंचावर दोनच स्त्रिया, आवली आणि लखूबाई. गाणे प्रत्यक्ष रंगमंचावर, मुद्रित नव्हे. आणि शेकडो प्रयोग. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघी तरुण नटींनी त्या नाटकात बोलण्यातून गाण्यात जाण्याची वाट अशी मोकळी केली, की संगीत नाटक कधीही न पाहिलेला तरुण प्रेक्षकही तिच्यावरून न अडखळता चालत गेला. माझ्या मताला याहून ताजा पुरावा मी कोठून आणू? (टाळ्या)

शेवटी दोन विनंत्या. संगीत नाट्यस्पर्धा भरविणाऱ्या संस्थांनी अभिनयाची आणि गायनाची पारितोषिके निरनिराळी देण्याचा शिरस्ता अवश्य पाळावा, परंतु एक पारितोषिक असे ठेवावे, की ज्यासाठी परीक्षकांनी केवळ भाषणातून पदात जाणे आणि पदातून भाषणात परतणे एवढेच पाहावे. ज्याला बक्षीस असते त्याची तालीम होते, हा व्यवहार आहे. दुसरी विनंती येथे बसलेल्या तरुणांना. पुढचे पद बसवायला घ्याल तेव्हा पेटी बंद ठेवा. आधीचा सगळा प्रवेश समोरच्या नटाबरोबर उभा करा, ते शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा बोला, आणि गाण्यावाचून तुम्हांला पुढे जाताच येईनासे होईल तेव्हाच पेटी उघडा. मग तुमच्या गाण्याची कोणी चिंता करण्याचे कारण उरणार नाही, आणि माझी खात्री आहे, तुमच्या चरितार्थाचीही फारशी उरणार नाही.